टाकीचं दुसरं झाकण

बाई,

तुझ्या तेरवीला टोल्यावरच्या, त्या पल्याडच्या लहानशा वस्तीतल्या, बाया चालत आल्या. तलावाच्या पलीकडून, जंगलातल्या वाटेने पूर्ण वळसा घालून. बोट घाटाला बांधलेली होती आणि ती चालवणारी तू फोटोत हार घालून बसली होतीस. बायांच्या लुगड्यांचे काठ चिखलाने भरलेले. भाऊजी ओसरीवर खाटेवर बसले होते. त्यांना आता माणसांचे नुसते आकार दिसतात, पण त्यांनी आवाजावरून एकेकीला नावाने हाक मारली. भागरता मावशी त्यांच्या पायाशी बसली अन् म्हणाली, "सुमित्राबाई असती तं आमाले येवढं चालू देल्लं असतं का, भाऊ?"

त्यानंतर सगळ्या बोलायला लागल्या. कुणाला तू भर पावसात दवाखान्यात नेलंस, कुणाचं धानाचं पोतं पाण्यात पडलं तेव्हा तू बोट फिरवून मागे नेलीस, कुणाला घाटावर उशीर झाला म्हणून झापलंस आणि तरी थांबलीस. मी ऐकत होतो. तुझा धाकटा भाऊ म्हणून लोक माझ्याकडे पाहून सांगत होते, जणू मला यातलं काही माहीत नाही. मला बरंच माहीत होतं. पण माझ्याकडची गोष्ट वेगळी आहे. ती बोटीच्या पोटातल्या टाकीची आहे, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला पूर्ण माहीत नाही. म्हणून तुलाच सांगतो.

दरेकशाचं आपलं घर आठवतं? धान ठेवायला आपल्याकडे बांबूचा मोठा ढोला होता, आतून शेणाने लिंपलेला. नवं धान यायच्या आधी तो खरवडून साफ करावा लागे. वरचं तोंड लहान, मोठं माणूस शिरत नसे. आई तुला बगलेत धरून आत सोडायची. तू आतून जुना कोंडा, किडे, उंदरांनी कुरतडलेलं सगळं टोपलीत भरून वर द्यायचीस आणि मध्येच भुतासारखा आवाज काढायचीस. मी टोपली टाकून अंगणात पळायचो. आई ओरडायची मला, आणि आतून तुझं हसणं घुमायचं. पुढे तुझं लग्न बोदलकशाकडे झालं, मी गोंदियाला येऊन राइस मिलच्या मशिनी दुरुस्त करायला लागलो आणि कुडव्यात घर बांधलं. पण तुझ्यापुढे मी टोपली धरणाराच राहिलो.

भाऊजींनी बोट घेतली तेव्हा मी त्यांना वेडं ठरवलं होतं. कुणी कंत्राटदार तलावावर पर्यटकांना फिरवायचा, त्याचा धंदा बसला आणि बोट काठावर उन्हात पडून राहिली. पांढरी फायबरची, मोटारीसारखं स्टिअरिंग, आत डिझेलचं इंजिन. धानाची शेती असलेल्या माणसाने बोट कशाला घ्यावी? पण भाऊजींचं म्हणणं सरळ होतं. पल्याडच्या टोल्याला रस्ता नाही. तिथल्या लोकांना बाजार, दवाखाना, रोवण्याची, म्हणजे धानाच्या लावणीची मजुरी, सगळं अलीकडे. डोंग्यातून एकेक जण आणायचा, तर वारा सुटला की डोंगा निघत नाही. बोट चालू झाली तशी ती सगळ्यांचीच झाली.

मग भाऊजींची साखर डोळ्यांत उतरली. कुणाला सांगितलं नाही त्यांनी. एक दिवस ढिवरांनी लावलेल्या जाळ्यावरून सरळ बोट नेली, पंख्यात जाळं गुंडाळलं, आणि मग सगळ्यांना कळलं. त्या दिवशी घाटावर उतरून त्यांनी चावी तुझ्या हातात ठेवली. दुसऱ्या दिवशी तू पदर खोचून स्टिअरिंगवर बसलीस आणि ते तुझ्या बाजूच्या फळीवर. घाटावर कुणी तरी म्हणालं, "बाईमाणूस बोट चालवते काय गा?" तू इंजिन सुरू करता करता म्हणालीस, "बोटीले समजते का, बाई हाये का माणूस?"

ही गोष्ट लोक अजून हसून सांगतात. टाकीची कुणी सांगत नाही.

इंजिन बंद पडायला लागलं ते पावसाळ्याच्या तोंडावर. चालता चालता खोकायचं, दम लागल्यासारखं करायचं आणि थांबायचं. थोड्या वेळाने पुन्हा चालू. तिरोड्याचा मेकॅनिक येऊन म्हणाला इंजिन खोलावं लागेल. तू मला फोन केलास. मी रविवारी मोटारसायकलवर आलो, फिल्टर काढून पाहिला. त्यात काजळ तेलात कालवल्यासारखा काळा चिकट गाळ भरलेला. मी तो बोटावर घेऊन तुला दाखवला. "इंजिनात काही नाही," मी म्हटलं, "रोग टाकीत आहे." टाकी अर्धी रिकामी राहिली की दमट हवेचं पाणी आत धरतं, तळाला बसतं, आणि पाणी अन् डिझेलच्या मध्ये हा गाळ तयार होतो. बोट हलली की तो उठतो आणि नळीतून फिल्टरमध्ये येतो. फिल्टर कितीही बदलला तरी टाकी आतून धुतल्याशिवाय थांबणार नाही.

पण टाकी धुवायची कशी? ती प्लास्टिकची, बोटीच्या तळाशी बसवलेली, आणि बोट बनवणाऱ्याने आधी टाकी ठेवून मग तिच्यावर फरशी मारलेली. बाहेर काढायची तर अर्धी बोट फोडावी लागणार. टाकीला तोंड म्हणाल तर डिझेल ओतायची नळी तेवढी. तिच्यातून हात तर सोडच, साधी पट्टीही वळून आत जात नव्हती.

तू खाली वाकून फरशीवर बोटांनी ठोकून पाहिलंस. कुठे पोकळ वाजतं, कुठे भरीव.

"मंग वरून भोक पाड," तू म्हणालीस.

"काय?"

"भोक. हात जाईन येवढं. साफ करू अन् झाकण लावू. ढोल्याले राहत नाई का तोंड?"

"ढोल्यात धान असते व बाई, डिझेल नाही."

मी तुला समजावलं. ते प्लास्टिक हट्टी असतं. त्याला कुठलाही गोंद, कुठलीही पुट्टी धरत नाही, नखाने सोलून निघते. झाकणातून डिझेल झिरपलं तर फरशीखाली जमा होणार, बाजूला तापलेलं इंजिन, वर माणसं बसलेली. मी मशिनीचा माणूस आहे, असल्या जुगाडाने काय होतं ते पाहिलेलं आहे. मी म्हटलं, हिवाळ्यात बोट काठावर ओढू, फरशी फोडून नवीन टाकी बसवू, तोवर बंद ठेव.

"हिवाळ्यात रोवणा राहते का?" तू विचारलंस.

तू आत जाऊन चहा ठेवलास. कप माझ्यापुढे जरा जोरातच आपटलास.

बोट तलावाच्या सांडव्याकडे वाहत गेली त्या दिवशी मी तिथे नव्हतो. जे मला माहीत आहे ते भागरता मावशीकडून, टोल्यावरच्या ललिताकडून आणि थोडंसं तुझ्याकडून. तू तर दोन वाक्यांत संपवलं होतंस.

पाऊस त्या साली जोराचा होता. तलाव तुडुंब, जास्तीचं पाणी सांडव्यावरून खाली कोसळत होतं आणि त्याचा आवाज गावापर्यंत यायचा. तू त्या बाजूला बोट कधी नेत नव्हतीस, लांबून वळसा घ्यायचीस. दुपार कलली होती. रोवण्याच्या बाया परत निघाल्या होत्या, गुडघ्यापर्यंत चिखल, दिवसभर वाकून पाठी गेलेल्या. मध्य तलावात इंजिन खोकलं आणि बंद पडलं. वारा डोंगराकडून सुटला होता. बोट हळूहळू, कुणाला कळायच्या आत, सांडव्याच्या दिशेने सरकायला लागली.

तू फिल्टर काढलास, तुझ्याजवळ नवा होता तो बसवलास. इंजिन सुरू होईना. गाळ नळीतच अडकला होता. मग तू नळी सोडवलीस, तोंडाला लावलीस आणि फुंकलीस. तोंडात डिझेल गेलं, थुंकलीस, पुन्हा फुंकलीस. तोवर बायांना आवाज जवळ आल्याचं कळलं होतं. दोघी-तिघी उभ्या राहिल्या आणि बोट एका अंगाला कलली.

"खाली बसा!" तू ओरडलीस. "उभी राहीन तिले मी सोता ढकलीन पाण्यात!"

सगळ्या बसल्या. भागरता मावशीने कनवटीचा तंबाखू-सुपारीचा खर्रा काढून तोंडात टाकला आणि म्हणाली, "ढकलजो व माय, पण पहिले बोट तं चालू कर." ती हे सांगताना अजून हसते.

भाऊजींनी नांगर टाकला. तळाशी नुसता गाळ, नांगर फरफटत आला. पुढे पाण्यातून वर आलेले बुडीत पळसांचे शेंडे होते, सांडव्याच्या आधीचे शेवटचे. भाऊजींना ते दिसत नव्हते. तू इंजिन सोडून उठलीस, बांबू उचललास आणि ललिताला दोर धरायला सांगितलंस. ललिता टोल्यावर नवीनच सून म्हणून आलेली, तुझ्याशी कधी धड बोलली पण नव्हती. तू बांबूने बोट झाडाकडे रेटलीस, तिने ओणवं होऊन दोर वर आलेल्या जाड फांदीभोवती टाकला आणि दोन्ही हातांनी ओढून धरला. बोट गर्रकन फिरली. दोर तिच्या तळव्यांतून सरकला आणि सालं घेऊन गेला, पण तिने सोडला नाही. भाऊजींनी चाचपत येऊन टोक खुंट्याला बांधलं. मग ढिवर डोंगे घेऊन आले आणि बायांना थोड्या थोड्या करून उतरवून नेलं. तू शेवटी उतरलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू कुडव्यात माझ्या दारात. तुझे ओठ सुजले होते, हनुवटीवरची कातडी लाल झालेली. तुझ्या भावजयीने, रंजनाने, चहा दिला तो तुला पिता आला नाही. तू बशीत ओतून गार होऊ दिलास आणि त्याच्याकडे पाहत बसलीस.

"काय झालं व बाई?"

"सांडव्यापर्यंत गेलो होतो. वापस आलो." एवढंच. मग म्हणालीस, "त्या ललिताच्या हाताले साल राहिली नाई, मध्या. नवीन पोरगी. अंगावरची हळद बी गेली नाई तिची."

"बोट बंद ठेव काही दिवस."

"ठेवतो ना. बाया काय उडून जातीन रोवण्याले?" तू उठलीस. "तू कापतो का मी कापू? मले येवढंच सांग."

मी दुरुस्तीच्या दुकानाला कुलूप लावलं आणि तुझ्यासोबत निघालो.

ते काम आयुष्यभर लक्षात राहील, बाई. मी मोठमोठ्या मशिनी उभ्या केल्या, पण इतक्या भीतीने कशाला हात लावला नव्हता. आधी फरशीचा चौकोन कापून काढला, तेव्हा खाली टाकीची पाठ दिसली, धुळीने मळकट. हातपंपाने सगळं डिझेल ड्रमात उपसलं, नळ्या सोडून टाकी हवेला उघडी ठेवली. ठिणगी नको म्हणून ग्राइंडर, ड्रिल सगळं घरी ठेवलं होतं. हाताने फिरवायच्या गिरमिटाने पहिलं भोक पाडलं, मग पातळ हातकरवतीने गोल कापत गेलो. पात्याला ग्रीस लावलं होतं, म्हणजे भुसा त्याला चिकटून राहील, आत पडणार नाही. तू माझ्या समोर गुडघ्यांवर बसून प्रत्येक फेऱ्यानंतर पातं पुसत होतीस. एकदाही "लवकर" म्हणाली नाहीस. हे मला नवीन होतं.

झाकण चिकटवायचं नव्हतं, आवळायचं होतं. मी ॲल्युमिनियमचं जाड कडं बनवून आणलं होतं, त्यात वर उभे राहणारे बोल्ट. ते कडं भोकापेक्षा मोठं, मग आत जाणार कसं? म्हणून एका ठिकाणी चिरलं होतं. चीर भोकाच्या काठात अडकवून कडं फिरवत फिरवत आत घातलं की ते पूर्ण आत उतरतं. मग बोल्ट टाकीच्या पाठीतून खालून वर ओढायचे, वर रबर, रबरावर झाकण, झाकणावर नट. टाकीची पाठ मधल्या मध्ये घट्ट दाबली जाते. कडं बसतं का ते आधी घालून पाहिलं, तेव्हा तू म्हणालीस, "बांगडी भरल्यावानी गेलं ना." तेव्हाच तुझं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं.

आत हात घालायचा होता तुला. माझा कोपराच्या वर जात नव्हता. तू हातातल्या काचेच्या बांगड्या काढायला लागलीस आणि भाऊजी काठावरून म्हणाले, "बांगड्या काऊन काढतं?" त्यांनी आवाज ओळखला होता.

"टाकीत फुटल्या तं काच कोण काढीन?" तू म्हणालीस आणि बांगड्या त्यांच्या हातात दिल्यास. त्यांनी त्या मुठीत धरल्या आणि काम होईस्तोवर मूठ उघडली नाही.

तू खांद्यापर्यंत हात आत घातलास, गाल फरशीला टेकलेला. लाकडी चपट्या पट्टीने खरवडत होतीस, कापडाने पुसत होतीस, मूठ मूठ काळं बाहेर घमेल्यात टाकत होतीस. वास असा की माझं डोकं फिरत होतं. एका मुठीत चिंधीचा बोळा निघाला, टाकी बनवतानाच कुणी तरी आत विसरलेला. तू तो वर धरलास. "पाह्य मध्या. येवढ्यासाठी आमी मरत होतो."

मग हात आणखी आत गेला आणि तू थांबलीस. "इथं भित हाये," म्हणालीस. "पल्याड अजून एक खोली हाये."

टाकीला मध्ये आडवी भिंत होती, डिझेल हिंदकळू नये म्हणून. तिला खाली भोकं. म्हणजे दोन कप्पे, इंजिनाकडचा मागचा आणि नाकाकडचा पुढचा. तुझा हात पुढच्यात पोचत नव्हता. तू ताबडतोब म्हणालीस, तिकडेही एक झाकण पाड. मी म्हटलं, गरज नाही. बोट चालताना मागे झुकते, गाळ भिंतीच्या भोकांतून मागेच येऊन बसतो, पुढे काही राहणार नाही.

"पाहून आला का तू?"

"पाहायची गरज नाही. अक्कल आहे."

"पाहिल्याबिगर काऊन बोलतं मंग?"

इथून तो वाद सुरू झाला, आणि आपण तो वर्षभर फोनवर, सणाला, जेवताना भांडलो.

आधी मात्र पहिलंच झाकण झिरपलं. मी ट्रकच्या ट्यूबचं रबर कापून लावलं होतं. टाकी भरली, आणि दुसऱ्या दिवशी झाकणाभोवती ओलं. रबर डिझेल पिऊन फुगलं होतं, काठांना लाटा आल्या होत्या. मला वाटलं आता तू बोलशील. तू कापड आणून पुसलंस आणि म्हणालीस, "दुसरं रबर राहते का?" गोंदियाच्या बाजारात पार्टवाला माझ्यावर हसला. "भैया, मिल में तो तेल वाला रबर लगाते हो, यहाँ ट्यूब क्यों लगाई?" त्याने काळ्या कडक रबराची शीट काढून दिली. ते बसवलं, नट समोरासमोरचे एकेक करून आवळले, खाली जुनी पांढरी ओढणी अंथरली. ओढणी कोरडी राहिली. तू ती भाऊजींच्या गालाला लावून दाखवलीस, त्यांना दिसत नव्हती म्हणून. "कोरडी हाये," ते म्हणाले, आणि मग मुठीतल्या बांगड्यांसारखीच ती घडी करून त्यांनी खिशात ठेवली.

त्यानंतर इंजिन एकदाही थांबलं नाही. कापणीचे दिवस, उन्हाळा, पुन्हा रोवणा. ढिवरांची मासोळी सकाळी, बाया दिवसभर.

एकदा मी आलो होतो, थंडीत. तू मला एकट्याला बोटीत बसवून मध्य तलावात नेलंस आणि इंजिन बंद केलंस. मी आधी सांडव्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "ऐक." काहीच ऐकू येत नव्हतं. सांडवा कोरडा, पाणी काचेसारखं, लांब काठावर पाणकोंबड्या. मग तू चावी फिरवलीस आणि इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. तू माझ्याकडे असं पाहिलंस जसं ढोल्यातून बाहेर काढल्यावर पाहायचीस, चेहरा माखलेला आणि डोळे चमकत.

मला तेव्हा म्हणायचं होतं, बाई, तू फार मस्त चालवतेस. मला म्हणायचं होतं की सांडव्याच्या दिवशी मी असतो तर हातपाय गाळून बसलो असतो. माझ्या तोंडून निघालं, "डिझेल वाया घालू नको." तू हसलीस. तुला बहुतेक कळलं होतं. आपल्या घरी असलं कुणी कुणाला म्हणत नाही. आईने तुला कधी म्हटलं नाही, मी तुला म्हटलं नाही, तू भाऊजींना म्हटलं नसणार. जेवायला वाढायचं, चहा ठेवायचा, झापायचं. त्यातून समजून घ्यायचं. मी समजून घेतलं आहे. तूही घेतलं असशील, असं धरून चालतो. पण आता वाटतं, एकदा तोंडाने बोललो असतो तर काय बिघडलं असतं?

तुझ्या जाण्याबद्दल मी लिहिणार नाही. पायऱ्या चढताना तुला दम लागायचा, रंजनाने तुला दवाखान्यात नेलं होतं, गोळ्या तू वेळेवर घेत होतीस. तरी झालं ते झालं. शेवटच्या फोनवर आपण तब्येतीचं बोललोच नाही. तू म्हणालीस, "दिवाळीनंतर ये अन् दुसरं झाकण बसवून दे." मी म्हटलं, "एक पुरे आहे." तू म्हणालीस, "तुले काय समजते, हात तं माहा जाते आत."

तेरवीच्या जेवणानंतर बाया उठेनात. भाऊजी म्हणाले, "मधुकर, बोट विकून टाका. मी पाहू शकत नाई, ती राहिली नाई." तेव्हा मागून ललिता पुढे आली. तिचे तळवे मी पहिल्यांदा नीट पाहिले, त्यावरची कातडी अजून गुलाबी आणि ताणलेली आहे. ती भाऊजींना म्हणाली, "मले शिकवा, मामाजी. मी चालवतो." भागरता मावशी म्हणाली, "शिकवा भाऊ. नाई तं आमी बुढ्या किती चालू?"

भाऊजींनी तिच्या आवाजाकडे तोंड वळवून विचारलं, "सकाळी येशीन?"

आता ती रोज येते. नवरा डोंग्यातून तिला अलीकडे सोडतो. भाऊजी तुझ्या बाजूच्या त्याच फळीवर बसतात. त्यांना पाणी दिसत नाही, काठ दिसत नाही, पण इंजिनाचा आवाज त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतो. "कमी कर," म्हणतात. "आता सोड. आता वळव." ललिता सुरुवातीला काठाला धडकली, एकदा ढिवरांची शिवी खाल्ली. आता ती बायांना नेते-आणते. कापणी सुरू झाली आहे, आणि टोल्यावरच्या बाया वेळेवर शेताच्या धुऱ्यावर पोचतात. तुझ्यासारखी ती ओरडत नाही. हळू बोलते. पण उभं कुणी राहत नाही.

ती एकटी स्टिअरिंगवर बसायच्या आधी मला टाकीची खात्री करायची होती. निदान मी स्वतःला असंच सांगितलं. वर्षभर मी तुला नाही म्हणत आलो होतो. आता नाही म्हणायला समोर कुणी नव्हतं, आणि असा वाद जिंकणं मला मुळीच आवडलं नाही. म्हणून दिवाळी झाल्यावर मी करवत, ग्रीस, कडं, रबर, सगळं घेऊन आलो. डिझेल उपसलं. पुढच्या कप्प्यावर फरशी कापली, टाकीत गोल कापला. ललिता पातं पुसत होती. भाऊजी काठावर बसले होते. घाटावर आणखी दोघं-चौघं जमले. सगळ्यांना माहीत होतं की हे झाकण तू सांगून गेली होतीस.

ललिताने बांगड्या वर सारून रुमालाने बांधल्या आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. मी विचारलं, "काय लागते?" ती म्हणाली, "काईच नाई." मी पांढरं कापड दिलं, म्हटलं, कोपरे पूस, भिंतीच्या कडेने पूस. तिने पुसलं. कापड बाहेर आलं ते फक्त जरासं पिवळं होतं. गाळ नाही. काळं नाही. चिंधी नाही. मी तिला पुन्हा पुसायला लावलं. पुन्हा तसंच.

बाई, पुढच्या कप्प्यात काही नव्हतं. मी बरोबर होतो.

मी ते कापड हातात धरून उभा राहिलो आणि जोरात म्हणालो, "पाहिलं? म्हटलं होतं ना मी!" मान वळवली ती तुझ्याकडे, म्हणजे तू जिथे बसली असतीस तिकडे. ललिता खाली पाहायला लागली.

भाऊजी म्हणाले, "मधुकर, तिनं काय म्हटलं असतं, सांगू?"

"सांगा."

"म्हटलं असतं, भोक पाडल्याबिगर समजलं असतं का तुले?"

मी खाली बसलो, कडं फिरवून आत घातलं, रबर ठेवलं, आणि तू सांगितलेलं झाकण बसवायला घेतलं.